शिडी फाटकातून आत आली

जबाब देणारी: विद्युत उपकेंद्रातली दिवसपाळीची ऑपरेटर. वय ४७ वर्षे. नोकरी २३ वर्षे, सगळी याच उपकेंद्रात. राहणार: उपकेंद्राच्या आवारातली कर्मचारी खोली, पाण्याच्या टाकीकडून दुसरी. घरात पती (शाळेत लिपिक) आणि एक मुलगी (शिकते).

मी आज रोजी ठाण्यात स्वतः हजर होऊन, मला विचारले त्याप्रमाणे आणि मला माहीत आहे तेवढे, समक्ष सांगते ते असे की,

गेल्या मंगळवारी आमच्या उपकेंद्रात जे घडले त्याबद्दल मुख्य कार्यालयाने तक्रार दिली आहे. तक्रार मला वाचून दाखवली. त्यात तीन गोष्टी आहेत. साठ-सत्तर लोकांचा जमाव फाटकाचे कुलूप तोडून आणि भिंतीला शिडी लावून आत शिरला. जमावातला एक अनधिकृत इसम उच्च दाबाच्या यार्डात जाऊन वर चढला. आणि कामावरच्या ऑपरेटरने, म्हणजे मी, त्यांना अडवले नाही. पुरावा म्हणून फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण जोडले आहे. ते मी पाहिले. ते खरे आहे. पण ते अकरा अठ्ठावन्नला संपते. वीज गेली की कॅमेरा त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर अर्धाएक तास चालतो आणि बंद पडतो. त्यानंतर अडीच तास जे झाले ते चित्रणात नाही. ते मी सांगते.

आमच्या उपकेंद्रात नेमके काय चालते, असे हवालदारांनी विचारले म्हणून थोडक्यात सांगते. डोंगरापलीकडच्या वीजनिर्मिती केंद्रातून मोठी वाहिनी येते, ती आमच्याकडे उतरते. तिचा दाब एक लाख बत्तीस हजार व्होल्ट. एवढ्या दाबाची वीज कोणाच्या घरात नेता येत नाही, धरणाचा दरवाजा घागरीत उघडता येत नाही तसेच. आमच्याकडे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर आहेत. ते दाब तेहतीस हजारांवर आणतात आणि तिथून सहा वाहिन्या निघतात. त्यांना आम्ही फीडर म्हणतो. एक शहराचा, त्यावर रुग्णालय आहे. एक पाणीपुरवठ्याच्या पंपघराचा. एक दूध थंड करण्याच्या कारखान्याचा. उरलेल्या तिन्हींवर मिळून एकशे अकरा गावे. शेजारच्या भागात काही बिघडले तर त्यांनाही आम्हीच वीज पुढे देतो. लोकांना वाटते वीज दारातल्या खांबावरून येते. बटण दाबले आणि दिवा लागला तर आमची आठवण कोणाला येत नाही, आणि ते योग्यच आहे.

घटनेच्या आधी नऊ दिवसांपासून दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर तेल गाळण्यासाठी बंद होता. सगळा भार एक नंबरवर होता. एका बैलाने दोघांची गाडी ओढायची म्हटल्यावर काही फीडर दिवसा आळीपाळीने बंद ठेवावे लागत होते. आमच्या शेजारच्या गावाचा फीडर त्यात होता. लागोपाठ तीन दिवस त्यांची वीज सकाळी गेली. पंप बंद, गिरणी बंद. त्यांनी चिडू नये असे मला म्हणता येणार नाही.

मंगळवारी मी सकाळी सात वाजता पाळी घेतली. माझ्यासोबत कनिष्ठ अभियंता होते. वय पंचवीस, नोकरीला पाच महिने. आम्ही त्यांना छोटे साहेब म्हणतो, ते त्यांना आवडत नाही. फाटकावर वॉचमन होता. आमचा लाइनमन रजेवर होता, त्याच्या बहिणीचे लग्न होते. देखभालीची टोळी आमची शिडी घेऊन दुसऱ्या उपकेंद्रावर गेलेली होती.

अकरा बावीसला यार्डात जाड कापड टरकन फाटावे तसा आवाज झाला. पॅनेलवरचे सहाही तांबडे दिवे जाऊन हिरवे लागले. आमच्याकडे हिरवा म्हणजे बंद. मी आणि छोटे साहेब बाहेर जाऊन पाहिले. एक नंबर ट्रान्सफॉर्मरमधून वीज बाहेर नेणाऱ्या बाजूला, साधारण पंधरा फुटांवर, तार पकडून ठेवणारा क्लॅम्प जळाला होता आणि तार सुटून लोंबत होती. ट्रान्सफॉर्मरला इजा नव्हती. बिघाड तळहाताएवढा होता. त्यापायी एक शहर आणि एकशे अकरा गावे बंद होती.

मी मुख्य कार्यालयाला कळवले. देखभालीची टोळी निघाली असे सांगण्यात आले. दहा मिनिटांनी टोळीच्या मुकादमाचा फोन आला. घाटात मोठा ट्रक आडवा झाला होता, दोन्ही बाजूंनी रस्ता बंद. पाचच्या आत पोहोचणार नाही, असे तो म्हणाला.

अकरा चाळीसला रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे दोन जनरेटर आहेत. एक दुरुस्तीला गेलेला. दुसरा चालू होता, पण तापत होता. वीज कधी येईल, असे त्यांनी विचारले. मी पाच म्हटले. त्या म्हणाल्या, काचेच्या पेटीत चार बाळे आहेत, एक नऊशे ग्रॅमचे आहे, आणि हे मशीन तीनपर्यंत चालेल असे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला.

पावणेबाराला गावातले लोक फाटकावर आले. त्यात बायकाही होत्या. पुढे गिरणीवाला होता. त्याला सगळे ओळखतात, गावातल्या कोणत्याही तंट्यात तो पुढे असतो आणि बहुतेक वेळा तो मिटवूनच घरी जातो. त्यांना वाटले मी चौथ्या दिवशीही मुद्दाम बंद केले. फाटक हलवले गेले. मला उद्देशून काही शब्द बोलले गेले. ते मला आता आठवत नाहीत. वॉचमन घाबरला आणि त्याने आतल्या फोनवरून मुख्य कार्यालयाला कळवले. त्याला मी दोष देत नाही, त्याला नोकरीला लागून दोनच महिने झाले आहेत.

मी फाटकापाशी गेले. मी त्यांना सांगितले की आज मी बंद केलेले नाही, आज सगळ्यांचेच गेले आहे. गिरणीवाला म्हणाला, “बाई, रोज नवीन कारण असतं तुमचं.” मी फाटकाच्या गजातून त्याला लोंबणारी तार दाखवली. मग सांगितले की माझ्याकडे लाइनमन नाही आणि शिडी नाही, दोन्ही मिळाले तर अडीचपर्यंत वीज येईल, नाहीतर पाचनंतर, आणि रुग्णालयाला तीनच्या आत हवी आहे. बाळांचेही सांगितले.

लोक एकेक करून मागे वळून पाहू लागले. मागे सायकल धरून माझा थोरला भाऊ उभा होता.

माझा भाऊ, वय ५३, पूर्वी याच उपकेंद्राचा लाइनमन होता. तक्रारीतला अनधिकृत इसम म्हणजे तो. त्याच्याशी माझे नाते काय आणि बोलणे कसे आहे, असे विचारल्यावरून सांगते.

अकरा वर्षांपूर्वी एका फीडरवर दोन ठिकाणी दोन टोळ्या काम करत होत्या. लाइनवर काम करणाऱ्याला ऑपरेटर लेखी परवानगी देतो, लाइन बंद आहे, हात लावायला हरकत नाही, अशी. तिला परमिट म्हणतात. काम संपवून परमिट परत आल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. त्या दिवशी माझ्या आधीच्या पाळीवाल्याने दोन परमिटे दिली आणि नोंदवहीत एकच लिहिले. दुसऱ्याची प्रत ड्रॉवरमध्ये राहिली. मी पाळी घेतली. पहिल्या टोळीने परमिट परत केले. वहीत बाकी काही नव्हते. मी आधीच्या पाळीवाल्याला फोन करून विचारले, तो नाही म्हणाला. चार दहाला मी लाइन चालू केली. दुसरी टोळी माझ्या भावाची होती. त्याचा डावा हात तारेवर होता.

त्या हाताची दोन बोटे काढावी लागली. खांदा भाजला. तो चार महिने रुग्णालयात होता. कार्यालयाने त्याला वॉचमनची जागा देऊ केली, ती त्याने घेतली नाही. तो आता घरी पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. चौकशीत माझा दोष निघाला नाही. अहवालाची प्रत मी त्याला पाठवली होती. पाकीट न फोडता परत आले. आमची आई पंधरा दिवस त्याच्याकडे आणि पंधरा दिवस माझ्याकडे असते, निरोप तिच्यामार्फत जातात. त्या दिवसापासून ड्रॉवर उघडून पाहिल्याशिवाय मी एकही लाइन चालू केलेली नाही. एवढेच.

मंगळवारी फाटकावर लोक त्याच्याकडे पाहत होते, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले नाही. तो पुढे आला आणि गिरणीवाल्याला म्हणाला, कुठला क्लॅम्प गेला ते विचार. मी गिरणीवाल्याला सांगितले. गिरणीवाल्याने तेच भावाला सांगितले. भावाने विचारले, बदली क्लॅम्प आहे का. गिरणीवाल्याने मला विचारले. मी नाही म्हटले. आम्हा दोघांत तेव्हा एक फाटक आणि दोन हात अंतर होते. भाऊ म्हणाला, दोन नंबर बंदच आहे, त्याचा काढून इकडे लावता येईल, साइज एकच. हे गिरणीवाल्याने सांगायला तोंड उघडले आणि मध्येच थांबला. म्हणाला, “अहो, मी माणूस आहे की टेलिफोन? तुम्हाला दोघांनाही ऐकू येतंय ना?” मागे कोणीतरी हसले. त्यानंतर गिरणीवाल्याची गरज पडली नाही.

शिडीबाबत सांगते. विजेच्या यार्डात लोखंडी शिडी चालत नाही, कोरडी लाकडी लागते. गिरणीवाल्याकडे धान्याच्या माळ्यावर चढायची लाकडी शिडी होती. ती मी मागितली. दोन माणसे मोटारसायकलवरून गेली, एक चालवत आणि एक मागे बसून खांद्यावर शिडी धरून, आणि पाच मिनिटांत परत आली. मी तेव्हा चावी आणायला आत गेले होते. पंधरा फुटांची शिडी कोणी डोक्यावर घेऊन उभे राहत नाही, म्हणून त्यांनी ती भिंतीला टेकवली. कॅमेऱ्यात तेवढेच आले आहे आणि तिथेच चित्रण संपले आहे. भिंतीवरून कोणीही आत आलेले नाही. मी फाटक माझ्या हाताने उघडले आणि शिडी फाटकातून आत आली. कुलूप तोडलेले नाही. कुलूप आणि चावी मी सोबत आणली आहे, दोन्ही टेबलावर आहेत, हवालदारांनी कुलूप लावून आणि उघडून पाहिले.

बाहेरच्या माणसाला यार्डात चढू देता येत नाही, हे छोट्या साहेबांनी मला स्पष्ट सांगितले होते. ते बरोबर बोलत होते. मी म्हटले, साहेब, नियम माहीत आहे, मी लिहून देते. मी नोंदवहीत लिहिले की माजी लाइनमनला कामासाठी आत घेत आहे, निर्णय माझा आहे, जबाबदारी माझी आहे. वेळ बारा दहा. सही केली. त्यांनी ते वाचले, खिशातून पेन काढले आणि खाली लिहिले, मलाही मान्य. पाच महिन्यांच्या नोकरीवर असे लिहिणे सोपे नाही, हे या जबाबात यावे अशी माझी विनंती आहे.

नंतर मी यार्डातली कामे क्रमाने केली. येणारी मोठी वाहिनी ट्रान्सफॉर्मरपासून तोडली. सहाही फीडर वेगळे केले, म्हणजे कोणाच्या जनरेटरची वीज उलटी आत यायला नको. हँडलला कुलूप घातले. दोन्ही बाजूंना जमिनीशी जोडणाऱ्या तारा अडकवल्या, म्हणजे चुकून वीज आली तरी ती माणसात न जाता मातीत जाईल. कुलपाची एकच चावी आहे. ती मी माझ्याकडे ठेवली. ड्रॉवर उघडून पाहिला. त्यात काही नव्हते.

परमिट छोट्या साहेबांच्या नावे केले, कारण नियमाने ते त्यांनाच देता येते. त्यांनी सही केली. भाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, “कागद त्यांच्या नावानं असू दे. शब्द मला दे.”

मी म्हटले, “दादा, लाइन बंद आहे. दोन्हीकडे अर्थिंग केलं आहे. चावी माझ्याकडे आहे. तुम्ही दोघं खाली येऊन सांगेपर्यंत मी चालू करणार नाही.”

तो म्हणाला, “तू सांगतेस ना?”

मी म्हटले, “मी सांगते.”

तो म्हणाला, “मग झालं.”

जुने लाइनमन लाइन बंद आहे अशी खात्री असली तरी पहिल्यांदा हाताची मागची बाजू लावून पाहतात. वीज असलीच तर स्नायू आखडतात आणि तळहात तारेला धरून बसतो, मागची बाजू झटकली जाते. माझ्या भावानेच हे मला नोकरी लागली तेव्हा शिकवले होते. मंगळवारी तो वर चढला आणि त्याने तारेवर तळहात ठेवला. डावा. वेळ बारा बावन्न.

काम असे झाले. पहिल्यांदा दोन नंबरच्या बाजूचा चांगला क्लॅम्प काढला. एक बोल्ट गंजलेला होता, तो रॉकेल सोडून आणि गिरणीवाल्याच्या मोठ्या पान्याने सुटला. मग शिडी इकडे आणून जळालेला काढला. छोटे साहेब बाजूच्या लोखंडी चौकटीवर चढून तार धरून होते. भाऊ अकरा वर्षांनी चढला होता आणि त्याच्या डाव्या हाताची तीनच बोटे चालतात, त्यामुळे नट लावायचे काम साहेबांकडे होते. भाऊ त्यांना सांगत होता, घाई करू नका, पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, ढिला राहिला की पुन्हा तापणार, हा जळाला तोही ढिलाच होता. साहेबांच्या हातून एकदा नट पडला. भाऊ म्हणाला, पडला तर पडू द्या, तुम्ही पडू नका. शिडी खाली धरलेली होती.

या सगळ्या वेळात जमाव काय करत होता, असे विचारल्यावरून सांगते. जमाव भिंतीच्या सावलीत बसला होता. मी यार्डाच्या कुंपणाबाहेर एक रेघ दाखवली होती, ती कोणी ओलांडली नाही. आमच्या खोलीतून माझ्या मुलीने पाण्याच्या कळशा आणून दिल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी वॉचमनला विचारले, हे एवढे मोठे पिंप कशाचे. वॉचमनने ट्रान्सफॉर्मरची माहिती दिली. ती बरीचशी चुकीची होती, पण ऐटीत दिली, आणि तो घाबरलेला राहिला नव्हता म्हणून मी ती दुरुस्त केली नाही. साठ-सत्तर माणसे दीड तास हळू आवाजात बोलतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

सव्वादोनला रुग्णालयातून पुन्हा फोन आला. तो वॉचमनने घेतला. जनरेटर एकदा बंद पडून पुन्हा चालू झाला होता, असा निरोप होता. तो निरोप मी वर चढलेल्या दोघांना कळवला नाही.

दोन सत्तावीसला दोघे खाली उतरले. जमिनीशी जोडलेल्या तारा काढल्या. छोट्या साहेबांनी परमिट परत केले, सही केली. भाऊ नियंत्रण कक्षाच्या दारापर्यंत आला. आत आला नाही, आत यायचा त्याला अधिकार नाही. मी त्याला विचारले, दादा, सगळे खाली आहेत? त्याने मागे वळून एकेका माणसाकडे बोट करून मोजले. मग हत्यारे मोजली. मग म्हणाला, “माणसं खाली. हत्यारं पूर्ण. घे.”

मी घेतले, म्हणजे वीज चालू केली. दोन चौतीस.

ट्रान्सफॉर्मर चालू झाला की आधी एक ठोका बसतो आणि मग घुमल्यासारखा आवाज सुरू होतो, तो मग कायम राहतो. तेवीस वर्षांत मला तो आवाज ऐकू यायचा थांबला आहे. त्या दिवशी ऐकू आला. पहिला शहराचा फीडर घेतला. एका मिनिटात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “आली. चारही आहेत.” आणि ठेवला. मी ते दारात सांगितले. भावाने मान हलवली आणि साहेबांकडे पान्याचा हिशेब मागितला, कारण पाना गिरणीवाल्याचा होता.

दुसरा पंपघराचा घेतला. पुढे प्रश्न आला. एकाच ट्रान्सफॉर्मरवर सगळे फीडर एकदम घेता येत नव्हते. उरलेल्यांपैकी एकाला दोन तास थांबावे लागणार होते. ठरलेल्या पाळीप्रमाणे त्या दिवशी या गावाला मिळायला हवी होती आणि वरच्या अंगाच्या गावांनी थांबायचे होते. मी गिरणीवाल्याला तसे सांगितले. त्याने विचारले, वरच्या गावांना पिण्याचे पाणी कशावर आहे. मी म्हटले, त्याच फीडरवरच्या पंपावर. तो म्हणाला, “मग आमचं शेवटी घाला.” मागून एकदोन जण कुरकुरले. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, “आता आत येऊन बघितलंत ना सगळं? मग बसा की.” ते बसले. साडेचारला त्यांचा फीडर चालू केला. माझी पाळी तीनला संपली होती, मी थांबले.

तीन दहाला आपल्या ठाण्याची गाडी आली. जमाव पांगवायला आल्याचे त्यांनी सांगितले. तेव्हा जमावातले लोक शिडी घेऊन निघाले होते, आणि ती फाटकातून आडवी काढायला दोन शिपायांनी हात लावला. हे शिपाई सांगतील.

साडेपाचला देखभालीची टोळी पोहोचली. मुकादमाने उष्णता मोजायच्या यंत्राने तो जोड तपासला. जोड थंड होता. त्याने स्वतःच्या टोळीतल्या दोन पोरांना बोलावून तो दाखवला आणि हे कोणी केले, असे मला विचारले. मी नाव सांगितले. मुकादम म्हणाला की नवीन लाइनमनना शिकवायला माणूस मिळत नाही, वर चढता आले नाही तरी चालेल, खालून सांगता आले पाहिजे, तो वरती लिहून बघतो. बुधवारी त्याने लिहिले. उत्तर आलेले नाही. मी भावाला हे सांगितले. तो म्हणाला, पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे ते ठरवले पाहिजे. त्यावरून तो जाईल असे मला वाटते, पण हा माझा अंदाज आहे, माहिती नाही.

तक्रारीबाबत माझे म्हणणे असे. मी कोणाला अडवले नाही हे खरे आहे. मी त्यांना आत बोलावले. फाटक मी उघडले, शिडी मी मागितली, माझ्या भावाला मी आत घेतले. गावातल्या कोणाही माणसाविरुद्ध माझी तक्रार नाही. फाटक हलवल्याने खालची बिजागरी सैल झाली होती, ती दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने येऊन बसवून दिली, आता आधीपेक्षा बरे लागते. नियम मोडल्याबद्दल मला कार्यालयाची नोटीस आली आहे, तिला मी उत्तर दिले आहे. छोट्या साहेबांनी न सांगता आपलेही उत्तर त्याला जोडले आहे. पुढे जे होईल त्याला मी हजर राहीन. दोन नंबरचा ट्रान्सफॉर्मर, टोळीने त्याला नवीन क्लॅम्प बसवल्यावर, शुक्रवारी चालू झाला. तेव्हापासून कोणाचाही फीडर दिवसा बंद ठेवलेला नाही.

माझ्यासोबत ठाण्यात माझा भाऊ आला आहे. आम्ही एकाच सायकलवरून आलो नाही, तो त्याच्या सायकलवरून आला आणि मी बसने, पण त्याने बसथांब्यावर वाट पाहिली. त्याचा जबाब माझ्यानंतर आहे. मला आणखी काही सांगायचे नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. वाचत असताना माझा भाऊ बाकावरून उठून दारात येऊन उभा राहिला, त्याला कोणी बाहेर जायला सांगितले नाही, त्यामुळे त्यानेही तो अकरा वर्षांपूर्वीच्या भागासह पूर्ण ऐकला. संपल्यावर हवालदारांनी मला विचारले, सगळे बरोबर आहे का. मी हो म्हटले. भाऊ म्हणाला, एक राहिले आहे. शिडी दीड तास खाली कोणी धरली ते लिहिलेले नाही. मी म्हटले, त्या वेळी मी नियमाने नियंत्रण कक्षात असायला हवे होते, म्हणून सांगितले नाही. तो म्हणाला, “मी वरून बघत होतो. लिहा, हिनं धरली होती.” ते खरे आहे. त्याच्या सांगण्यावरून वाढवून लिहिले. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे, आणि खाली माझी सही आहे.